पीएसपी अपडेट करावा, की आहे तसाच ठेवावा?

सुट्टीत घरी गेल्यावर कपाटाच्या वरच्या कप्प्यातून थोरल्या भावाचा किंवा मामाचा जुना पीएसपी निघतो. चार्जर सापडतो, हिरवा दिवा लागतो, आणि मग तो 'मॉड' करण्याची कल्पना डोक्यात येते. यंदाच्या सुट्टीनंतर तीन कॅडेट्सनी मला एकच प्रश्न विचारला : मॉड करण्याआधी फर्मवेअर अपडेट करायचे, की नाही? एकाला चुलत भावाने बजावले होते की, अपडेटला चुकूनही हात लावू नकोस. दुसऱ्याला वर्गमित्राने सांगितले होते की, आधी शेवटच्या अपडेटवर आण, मगच पुढचे काम कर. गंमत अशी की दोघेही खरे बोलत होते. एकाचा सल्ला २००५ सालचा होता, दुसऱ्याचा आजचा.

हा फरक समजण्यासाठी फर्मवेअर म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागेल. यंत्र बनवणारी कंपनी आतल्या फ्लॅश मेमरीत एक मूळ प्रोग्राम भरून देते. यंत्र सुरू करणे, पडदा, बटणे, वायफाय, गेम चालवणे ही सारी कामे तोच पाहतो. त्याचे आणखी एक काम असते, ते पहाऱ्याचे. आपल्या गेटवर आउटपास तपासतात तसा तो प्रत्येक प्रोग्रामची डिजिटल सही तपासतो. कंपनीची सही असेल तर आत, नसेल तर बाहेर. हौशी लोकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामना 'होमब्रू' म्हणतात. त्यांच्यावर अशी सही नसते. मॉड करणे म्हणजे या पहाऱ्यातली एखादी चूक शोधून बिनसहीच्या प्रोग्रामला वाट करून देणे. आणि अपडेट म्हणजे, नव्या सोयींबरोबरच, सापडलेल्या चुका बुजवणे.

अपडेटचा रस्ता एकेरी असतो. वर जाता येते, पण खाली येण्याची सोय कंपनी ठेवत नाही. जुन्या आकड्याचे फर्मवेअर भरायला गेलात तर यंत्र सरळ नकार देते. सगळा पेच यातून येतो. अपडेट न करता आठ दिवस थांबलात तर काही बिघडत नाही, उद्याही तो करता येईल. एकदा केलात की मात्र कालचा आकडा हातचा गेला.

पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी बाजारात आला. त्याचे पहिले फर्मवेअर १.०० होते, आणि त्यात पहारेकरी जवळजवळ झोपलेलाच होता. बिनसहीचा प्रोग्राम मेमरी स्टिकवर योग्य जागी ठेवला की चालत असे. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत आलेल्या यंत्रांत १.५० होते आणि तिथे तपासणी सुरू झाली. काही महिन्यांतच तिलाही बगल मिळाली. सारख्याच नावाची दोन फोल्डर करायची, एकाच्या नावापुढे टक्क्याचे चिन्ह द्यायचे. तपासणी एका फोल्डरची होई आणि आत दुसऱ्यातला प्रोग्राम शिरे. आउटपास एकाचा दाखवून दुसराच गेटमधून जावा, त्यातला हा प्रकार!

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये २.०० आले. त्यात इंटरनेट ब्राउझर होता. आज त्याचे काही वाटणार नाही, पण त्या काळी खिशातल्या यंत्रावर ब्राउझर ही मोठी चीज होती. लोकांनी उत्साहाने अपडेट केले आणि टक्क्याची युक्ती बंद पडली. सप्टेंबरमध्ये २.०० मध्येही चूक सापडली. टिफ प्रकारची खास बनवलेली चित्राची फाईल उघडली की फोटो दाखवणारा भाग गडबडत असे. त्या वाटेने २.०० वरून १.५० वर खाली येता येऊ लागले. लगोलग कंपनीने २.०१ आणून तीही वाट बुजवली.

पुढची काही वर्षे हाच खेळ चालला. नव्या गेमच्या डिस्कवरच अपडेट भरलेला असे आणि तो केल्याशिवाय गेम सुरू होत नसे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : लिबर्टी सिटी स्टोरीज' खेळायचा तर किमान २.०० हवे. मग त्याच गेमच्या सेव्ह फाईलमध्ये चूक निघाली आणि २.६० पर्यंतच्या यंत्रांवर होमब्रू चालू लागले. २००७ मध्ये 'लुमिनेस' या गेममध्ये अशीच चूक सापडली, तेव्हा त्या जुन्या गेमचा खप एकाएकी वाढला. गेम कुणाला खेळायचा नव्हता, सगळ्यांना त्यातले भोक हवे होते. या काळात "अपडेट करू नका" हा सल्ला सोळा आणे खरा होता. कंपनी जिवंत यंत्राच्या मागे उभी होती, दर थोड्या दिवसांनी नवा आकडा येत होता, आणि जो खालच्या आकड्यावर थांबला त्याच्यापुढे जास्त वाटा मोकळ्या होत्या.

घाईची किंमतही याच काळात दिसली. ऑक्टोबर २००५ मध्ये २.०० वरून १.५० वर आणणारा प्रोग्राम म्हणून एक फाईल फिरू लागली. प्रत्यक्षात ती यंत्राच्या आतल्या आवश्यक फाईली पुसून टाकत असे. ती चालवणाऱ्याचा पीएसपी पुन्हा सुरू होत नसे. इंग्रजीत याला 'ब्रिक' होणे म्हणतात, म्हणजे यंत्राची वीट होणे. सिमँटेक कंपनीने त्या फाईलचे नाव 'ट्रोजन.पीएसपीब्रिक' असे नोंदवले. मी कॅडेट्सना हे उदाहरण मुद्दाम देतो. त्या मुलांनी फाईल कुठून आली, कुणी तपासली, आपल्या मॉडेलवर कुणी चालवून पाहिली, हे न पाहता ती उघडली. रेकी न करता पुढे सरकणारी सेक्शन कुठे पोहोचते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अशा विटा झालेल्या यंत्रांना दोन वर्षांनी जीवदान मिळाले, तेही बॅटरीतून. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते आणि तिच्यात अनुक्रमांक असतो. ऑगस्ट २००७ मध्ये उघड झाले की हा अनुक्रमांक विशिष्ट आकड्यावर बदलला की पीएसपी दुरुस्ती केंद्रासाठी ठेवलेल्या 'सर्व्हिस मोड'मध्ये सुरू होतो आणि आतले फर्मवेअर न वाचता मेमरी स्टिकवरून चालतो. या बॅटरीला 'पँडोरा' हे नाव पडले. ज्यांनी वीट झालेला पीएसपी फेकून न देता खणात ठेवला होता, त्यांना तो परत मिळाला. शिवाय आता कोणत्याही आकड्यावरून खाली येणे शक्य झाले, म्हणजे अपडेटचा एकेरी रस्ता दुहेरी झाला. पण सगळ्यांसाठी नव्हे. पीएसपी-१००० आणि सुरुवातीचे पीएसपी-२००० एवढ्यांवरच ही युक्ती चाले. नंतरचे २००० आणि २००८ मध्ये आलेले ३००० या साध्या पँडोरा बॅटरीला दाद देत नाहीत. म्हणून नुसता फर्मवेअरचा आकडा पुरेसा नाही, मॉडेलही माहीत हवे. दिसायला भाऊ-भाऊ, पण स्वभाव वेगळा.

खरी कलाटणी आली ती डिसेंबर २०१० मध्ये, आणि पीएसपीमुळे नव्हे. बर्लिनला भरलेल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये 'फेलओव्हरफ्लो' या गटाने प्लेस्टेशन ३ च्या सहीची पद्धत कशी चुकली आहे ते दाखवले. गणिताची आवड असलेल्यांनी हे जरूर वाचावे. त्या पद्धतीत प्रत्येक सहीसाठी नवी यादृच्छिक संख्या घ्यावी लागते. कंपनी दर वेळी एकच संख्या वापरत होती. दोन सह्या शेजारी ठेवून साधे समीकरण सोडवले की गुप्त किल्ली हातात! त्यापाठोपाठ प्लेस्टेशन ३ च्या आत पीएसपीच्या किल्ल्याही सापडल्या. आता कंपाउंडच्या भिंतीत भोक शोधायची गरजच राहिली नाही, कारण आउटपासवरचा शिक्काच बाहेर आला होता. होमब्रूवर खरी वाटेल अशी सही करता येऊ लागली आणि पहारेकरी ती निमूट मान्य करू लागला.

भोक बुजवता येते. पण लाखो विकलेल्या यंत्रांनी ज्या सहीवर विश्वास ठेवायचा, ती बदलायला गेले तर आधी विकलेले खरे गेमही बंद पडतील. म्हणून २०११ मध्ये आलेले ६.६० आणि जानेवारी २०१५ मध्ये आलेले शेवटचे ६.६१, दोन्हींवर होमब्रू चालते. पुढे 'इन्फिनिटी' नावाचे साधन आले आणि ६.६१ वर सर्व मॉडेलना कायमस्वरूपी कस्टम फर्मवेअर बसवणे शक्य झाले. त्याआधी नव्या मॉडेलवर यंत्र पूर्ण बंद केले की मॉड निघून जाई आणि दर वेळी पुन्हा चालवावे लागे. आजची साधने ६.६१ डोळ्यासमोर ठेवूनच लिहिलेली असतात. म्हणून पीएसपीच्या बाबतीत आजचे उत्तर पहिल्या सल्ल्याच्या अगदी उलट आहे : आधी ६.६१ वर आणा.

याला माझ्या मते दोनच अपवाद. एक, यंत्रावर आधीच कुणी कस्टम फर्मवेअर बसवलेले असेल तर. जुन्या बाजारातून घेतलेल्या पीएसपीत हे बऱ्याचदा आढळते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडा. आकड्यापुढे 'एम३३' किंवा 'प्रो' अशी अक्षरे दिसली तर तुमचे काम आधीच झालेले आहे. हवे ते चालत असेल तर त्याला छेडू नका. दुसरा, एखाद्याच्या हाती अजून १.०० किंवा १.५० वर असलेले सुरुवातीचे यंत्र आले तर. असे यंत्र आता संग्रहात ठेवण्याजोगे आहे. खेळायला दुसरे घ्या.

पण पीएसपीचे उत्तर उचलून दुसऱ्या यंत्राला लावू नये. पीएस व्हिटाचे पाहा. २९ जुलै २०१६ रोजी ३.६० फर्मवेअरसाठी 'हेनकाकू' प्रसिद्ध झाले. काही दिवसांत कंपनीने ३.६१ आणून ती वाट बंद केली. त्या आठवड्यात ज्यांनी समोर आलेल्या सूचनेवर सहज 'होय' दाबले, त्यांना पुढची सार्वजनिक वाट मिळायला २०१८ चा उन्हाळा उजाडला, तेव्हा 'एच-एनकोर' आले. एका बटणाची किंमत दोन वर्षे! आज ही कोंडी उरलेली नाही. शेवटच्या आकड्यांवरही वाटा सापडल्या आहेत आणि 'मोदोरू' या साधनाने ३.६५ किंवा ३.६० वर खाली उतरता येते, कारण सुरू होतानाच आपोआप लागणारे कायमचे मॉड त्या दोन आकड्यांसाठीच आहे. म्हणजे पीएसपीत वर चढायचे आणि व्हिटात खाली उतरायचे.

निन्टेंडो स्विचमध्ये प्रश्नच वेगळा होतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याच्या टेग्रा एक्स१ चिपमधली चूक जाहीर झाली. ती फर्मवेअरमध्ये नव्हती, चिप तयार होतानाच कोरल्या जाणाऱ्या बूट रॉममध्ये होती. कोरलेले अक्षर अपडेटने पुसता येत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या स्विचवर कोणताही फर्मवेअर असो, चूक तशीच राहते. कंपनीने पुढच्या यंत्रांत चिपच सुधारली, आणि तिथे ही वाट मुळातच नाही. खाली येणे रोखण्यासाठी त्या चिपमध्ये इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहेत. ठराविक अपडेटनंतर त्यातले काही जाळले जातात, आणि जळलेल्या फ्यूजची संख्या जास्त दिसली की जुने फर्मवेअर सुरू होत नाही. एकेरी रस्ता इथे सिलिकॉनमध्येच बांधला आहे. शिवाय मॉड केलेली यंत्रे निन्टेंडो आपल्या ऑनलाइन सेवेतून कायमची बाद करते. ज्या यंत्रावर घरातली मंडळी अजून ऑनलाइन खेळतात, ते मॉड करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र 'मेले' म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. निन्टेंडो ३डीएसचे दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले. सगळ्यांनी धरले की आता अपडेट येणार नाहीत. मे महिन्यात ११.१७ आले आणि प्रचारातल्या काही पद्धती मोडल्या. नव्या पद्धती निघाल्या, पण मधल्या काळात अर्धवट काम करून बसलेल्यांची पंचाईत झाली.

तेव्हा कोणतेही यंत्र हातात आले की पहिले काम म्हणजे त्याचे वायफाय बंद ठेवणे, म्हणजे अपडेट आपल्या नकळत होणार नाही. मग मॉडेल आणि आकडा वहीत लिहून घ्यायचा. मग त्या दोन्हींसाठी आज कोणती पद्धत चालते, आणि ती वाचत आहात ती माहिती कोणत्या तारखेची आहे, हे पाहायचे. तारीख सगळ्यात महत्त्वाची. चुलत भावाचा सल्ला चुकीचा नव्हता, शिळा होता. हे सगळे वाचून होईपर्यंत यंत्र आहे तिथेच असू द्यावे.

पीएसपीच्या अपडेटबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. त्याचे वायफाय जुन्या प्रकारचे आहे, घरच्या राउटरवर आज सर्रास असलेली डब्ल्यूपीए२ सुरक्षा त्याला कळत नाही. त्यासाठी राउटरची सुरक्षा कमी करण्याचा खटाटोप करू नका. अपडेटची फाईल संगणकावर उतरवून मेमरी स्टिकवर पीएसपी, गेम, अपडेट अशा एकात एक फोल्डरमध्ये ठेवली की काम होते. त्याआधी मेमरी स्टिकवरचे सगळे संगणकावर उतरवून घ्या. सेव्ह फाईली तर घ्याच, पण फोटोही पाहा. पंधरा वर्षांपूर्वी मामाने त्यात काय साठवले असेल सांगता येत नाही, आणि ते तुमच्या गेमपेक्षा कितीतरी मोलाचे असू शकते. फ्लॅशमध्ये लिहिणे चालू असताना वीज गेली तर पीएसपीची वीट होते, त्यामुळे भारनियमनाच्या वेळी हे काम काढू नये.

पालकांच्या मनात दोन शंका येतील. पहिली कायद्याची. स्वतःच्या यंत्रावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवणे वेगळे आणि विकत न घेतलेले गेम भरणे वेगळे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. 'हेतू' हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. मुलगा मॉड करतो म्हणाला तर कशासाठी, एवढे जरूर विचारावे. सी भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम खिशातल्या यंत्रावर चालताना पाहणे, हा संगणकशास्त्राचा उत्तम धडा आहे. शंभर चोरलेले गेम भरणे हा धडा नव्हे, आणि त्यासाठी माझ्याकडे कुणी येऊ नये.

दुसरी शंका : मग मोबाइलचेही अपडेट थांबवायचे का? मुळीच नाही. मोबाइलमध्ये बँकेचे व्यवहार, ओळखपत्रे, घरच्यांचे संदेश असतात. तिथले भोक चोराच्या कामाचे आहे आणि ते शक्य तितक्या लवकर बुजवलेले बरे. जुन्या पीएसपीत चोराला नेण्यासारखे काही नाही, म्हणून तिथे थांबण्याची चैन परवडते.

राहता राहिली बॅटरी. पीएसपीचा अपडेट चार्जर जोडलेला असला तरी बॅटरी पुरेशी भरलेली असल्याशिवाय सुरू होत नाही, आणि इतक्या जुन्या बॅटऱ्या बहुतेक वेळा फुगलेल्या निघतात. मागचे झाकण नीट बसत नसेल किंवा उचललेले दिसत असेल तर ती चार्जरला लावूच नका. टोचून, दाबून पाहू नका. घरच्या मोठ्यांना दाखवून ती बाहेर काढा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवी बॅटरी येईपर्यंत अपडेट करावा की नाही, हा प्रश्न तसाही पुढे ढकलावा लागणार आहे.